कालवांवरचा आळ

प्रिय आते,



“कालवां खाल्ल्यार किडनी जाता काय गो?” हा तुझा प्रश्न फोनवर दोन वाक्यांत उडवून लावण्यासारखा नव्हता, म्हणून हे पत्र. शिवाय तिथे मसुरे-मागवण्यात रेंज गेली की तू फोन शेजारच्या पोराच्या हातात देतेस आणि मग मी त्याच्याशीच बोलत बसते. आधी उत्तर देते, म्हणजे शेवटापर्यंत जीव टांगणीला नको. कालावलच्या खाडीतली कालवं महिन्यातून दोन-तीनदा खाल्लीस म्हणून तुझी किडनी जाण्याचं कारण मला दिसत नाही. मात्र तुला मोबाइलवर फिरत आलेल्या त्या मजकुरात दोन गोष्टी खऱ्या होत्या. कालवांत कॅडमियम असतं, आणि कॅडमियम मूत्रपिंडाला बाधतं. या दोन खऱ्या गोष्टी जोडून तिसरी खोटी गोष्ट कोणीतरी तुझ्या गळ्यात मारली. तू रोज दात घासतेस त्या तंबाखूच्या मशेरीचं मात्र त्या मजकुरात नावही नव्हतं, हे वाचून मला हसू आलं आणि रागही.

कॅडमियम म्हणजे जस्ताचा सख्खा शेजारी. १८१७ साली जर्मनीत फ्रीडरिश श्ट्रोमायर या रसायनशास्त्रज्ञाला ते जस्ताच्या एका क्षारातच सापडलं. आजही जस्ताच्या खनिजाबरोबरच ते जमिनीतून वर येतं. पिवळ्या-तांबड्या रंगांत, लोखंडावर चढवायच्या मुलाम्यात आणि एके काळी इमर्जन्सी दिव्यांत असायच्या त्या चार्जिंगच्या बॅटऱ्यांत ते वापरलं गेलं. शरीराला जस्त लागतं, कॅडमियम कशालाच लागत नाही. पण दोघांची रासायनिक ठेवण इतकी सारखी की शरीर फसतं आणि त्यालाही आत घेतं.

आत आलं की ते जाता जात नाही. तान्ह्या मुलाच्या अंगात कॅडमियम जवळपास नसतंच. पुढे वर्षं सरतात तसं साठत जातं, पन्नाशी-साठीपर्यंत. लघवीतून रोज बाहेर पडतं ते साठ्याच्या मानाने नगण्य. आज मूत्रपिंडात बसलेल्या कॅडमियमपैकी निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. म्हणूनच २०१० साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने त्याची मर्यादा दिवसाची किंवा आठवड्याची न ठेवता महिन्याची ठरवली. शरीराच्या दर किलो वजनामागे महिन्याला २५ मायक्रोग्रॅम. तुझं वजन पन्नास किलो धरलं तर महिन्याला साडेबाराशे मायक्रोग्रॅम झाले.

आता कालवांचा हिशोब बघ. आंतरराष्ट्रीय अन्नमानकांनी तिसऱ्यांसारख्या शिंपल्यातल्या जिवांसाठी किलोमागे दोन मिलिग्रॅमची मर्यादा घातली आहे; कालवं तिच्यातून वगळलेली आहेत, तरी हिशोबासाठी तोच आकडा धरू. समजा, तुझ्या ताटातली कालवं अगदी त्या मर्यादेवर पोचलेली आहेत. शंभर ग्रॅम खाल्लीस तर दोनशे मायक्रोग्रॅम पोटात गेले. महिन्याला तीन वेळा म्हटलं तर सहाशे, मर्यादेच्या निम्म्याच्या आत. आता भात घे. पॉलिश केलेल्या तांदळासाठी मर्यादा आहे किलोमागे ०.४ मिलिग्रॅम, म्हणजे त्या आकड्याच्या एक पंचमांश. पण सकाळची पेज आणि दोन वेळचा भात धरून तू रोज तीनशे ग्रॅम तांदूळ खातेस. तांदूळ जर खरंच त्या मर्यादेवर असता, तर महिन्याला छत्तीसशे मायक्रोग्रॅम झाले असते, मर्यादेच्या जवळजवळ तिप्पट! घाबरू नकोस, बाजारातला सामान्य तांदूळ त्या आकड्याच्या बराच खाली असतो. पण बाराही महिने जे पोटात जातं तेच मोजावं लागतं. अधूनमधून चवीला खाल्लेल्याचं एवढं काही नाही.

कालवांच्या बाजूने आणखी एक साक्ष आहे. न्यूझीलंडच्या ब्लफ बंदराजवळची कालवं कॅडमियमने भरलेली असतात. ती आवडीने खाणाऱ्या लोकांची तपासणी झाली, तेव्हा पोटात जितकं गेलं त्या मानाने रक्तात चढलेलं कॅडमियम कमी निघालं. कालवांत जस्त आणि लोहही भरपूर असतं आणि ती दोन्ही कॅडमियमला आतड्यात शिरताना अडवतात, हे त्यामागचं एक कारण असावं. म्हाकूल साफ करताना आतलं सगळं काढून टाक, कुर्लीच्या कवचातला तपकिरी भाग पोरांना चाटायला देऊ नकोस. कॅडमियम मुख्यतः तिथे असतं, पांढऱ्या मांसात फारसं नसतं. शिंपल्यांबद्दल याहून जास्त मला सांगायचं नाही.

मग ते किडनीला करतं तरी काय? मला याच प्रश्नावर जास्त लिहायचं आहे. माझी अर्धी हयात रक्त-लघवीच्या नळ्या तपासण्यात गेली आणि याविषयी डॉक्टर रुग्णाला फारसं काही सांगत नाहीत असं मी पाहिलं आहे.

तळाशीलच्या किनाऱ्यावर रापण ओढतात तेव्हा जाळ्यात सगळंच येतं. बांगडे, तारल्या, शेवाळ, फुटकी चप्पल. मग माणसं बसून त्यातलं कामाचं वेचतात. मूत्रपिंड तेच करतं. रक्तातलं पाणी, मीठ, साखर, खनिजं, बारीक प्रथिनं सगळं एकदम गाळून नळ्यांत सोडतं, दिवसाला सुमारे १८० लिटर. नळीच्या सुरुवातीच्या भागातल्या पेशी त्यातून शरीराला हवं ते उचलून रक्तात परत टाकतात. शेवटी दीड-दोन लिटर उरतं, ते लघवीवाटे जातं. कॅडमियम घाव घालतं ते या वेचणाऱ्या पेशींवर. गाळणं चालू राहतं, पण वेचणं बिघडतं.

ते तिथे पोचतं कसं, तेही सांगते. आतड्यातून शिरलेलं कॅडमियम आधी यकृतात जातं. तिथे मेटॅलोथायोनिन नावाचं छोटं प्रथिन त्याला आवळून धरतं. हे प्रथिन तसं जस्तासाठी असतं, पण कॅडमियमला ते आणखी घट्ट धरतं. ही जोडी हळूहळू रक्तात उतरते आणि आकाराने इतकी लहान असते की मूत्रपिंडात सहज गाळली जाते. वेचणाऱ्या पेशींना वाटतं, हे कामाचं प्रथिन आहे. त्या ते उचलून आत घेतात. आत प्रथिनाचं पचन होतं आणि कॅडमियम मोकळं होतं. पेशी घाईघाईने स्वतःचं मेटॅलोथायोनिन बनवून त्याला पुन्हा बांधते. हा खेळ वर्षानुवर्षं निभतो. ज्या दिवशी बांधायची ताकद संपते त्या दिवसापासून पेशीतली ऊर्जानिर्मिती मोडायला लागते.

आणि मग गळती सुरू होते. पहिली बारीक प्रथिनं जातात. पाठोपाठ फॉस्फेट, कॅल्शियम, अमिनो आम्लं, कधी साखर. फॉस्फेट गेलं की हाडात खनिज बसत नाही, हाड मऊ राहतं. कॅल्शियम लघवीत सारखं येत राहिलं की मुतखडे होतात. कॅडमियमशी काम करणाऱ्या कामगारांत मुतखड्याचं प्रमाण जास्त आढळतं. त्यावर कडी म्हणजे ड जीवनसत्त्वाला कामाला लावण्याची शेवटची पायरी याच पेशींत घडते. पेशी दुबळी झाली की ती पायरीही डळमळते आणि आतड्यातून कॅल्शियम शोषणं कमी होतं. म्हणजे खनिज आत यायचंही कमी आणि बाहेर जायचंही जास्त. तू कॅल्शियमच्या गोळ्या घेतेस ना? ज्याची गळती इथे आहे त्याला नुसत्या त्या गोळ्यांनी फारसा गुण येत नाही. तुला हे झालंय असं मी म्हणत नाही. पण तुझ्या वयाच्या बाईचं अंग दुखलं की ‘वय झालं’ म्हणून गोळ्यांची पट्टी हातात ठेवायची, ही पद्धत मला मान्य नाही.

हे सगळं कागदावरचं शास्त्र नव्हे. जपानच्या तोयामा प्रांतात जिंझू नावाची नदी आहे. तिच्या वरच्या अंगाला डोंगरात मित्सुई कंपनीची कामिओका खाण, जस्ताची आणि शिशाची. खनिज धुतलेलं पाणी नदीत आणि नदीचं पाणी पाटांनी भातखाचरांत यायचं. खालच्या गावांतल्या बायकांना कमरेत, मांड्यांत असह्य दुखू लागलं. चाल बदकासारखी झाली, उंची घटली, खोकल्याच्या उबळीनेही बरगडी मोडू लागली. त्यांच्या विव्हळण्यावरूनच रोगाचं नाव पडलं ‘इताई-इताई’, म्हणजे ‘दुखतंय, दुखतंय’. आधी लोकांना ते कुपोषण वाटलं, काहींना शापही. तिथल्याच नोबोरु हागिनो या डॉक्टरांनी खाणीकडे बोट दाखवलं, तेव्हा त्यांना टीकाही सोसावी लागली. मे १९६८ मध्ये जपान सरकारने कारण मान्य केलं. १९७१ मध्ये न्यायालयाने रुग्णांच्या बाजूने निकाल दिला, १९७२ मध्ये वरच्या न्यायालयातही तो टिकला. खाचरांतली दूषित माती बदलण्याचं काम मात्र २०१२ पर्यंत चाललं.

या रोगाचे सरकारदरबारी नोंदलेले रुग्ण जवळपास सगळ्या बायका. बहुतेक पाळी गेलेल्या, चार-सहा बाळंतपणं झालेल्या. तोच भात, तेच पाणी पुरुषांच्याही पोटात जात होतं. मग बायकाच का? याचं उत्तर आतड्यात आहे. शरीरात लोह कमी पडलं की आतडं लोह शोषणारी वाहक प्रथिनं वाढवतं, आणि त्याच वाहकांवर बसून कॅडमियमही आत येतं. एरवी अन्नातल्या कॅडमियमपैकी तीन ते पाच टक्के शोषलं जातं. लोह कमी असलेल्या बाईत ते दहा टक्क्यांच्या आसपासही जाऊ शकतं. कॅल्शियमच्या तुटीनेही तेच होतं. दर महिन्याची पाळी, बाळंतपणं, अंगावर पाजणं आणि सगळ्यांचं झाल्यावर तळाशी उरलेली पेज. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९–२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायका रक्तक्षयाच्या निघाल्या. तुझ्या हिमोग्लोबिनवरून मी तुझ्याशी दरवर्षी भांडते ते यासाठीही.

उलट उदाहरण इंग्लंडचं. सॉमरसेटमधलं शिपम हे गाव जस्ताच्या जुन्या खाणींवर वसलेलं. १९७९ मध्ये तिथल्या मातीत भयंकर कॅडमियम सापडलं आणि गाव हादरलं. पण लोकांची तपासणी केली तर म्हणण्यासारखी इजा आढळली नाही. माती चुनखडीची, त्यामुळे कॅडमियम झाडात सहज चढत नाही. आणि लोकांचं बहुतेक अन्न बाहेरून विकत आणलेलं, परसातलं थोडंच.

आपण यात कुठे बसतो? मसुऱ्याची माती जांभ्याची, आम्ल. अशा मातीत कॅडमियम विरघळून मुळांना सहज मिळतं. त्यात आपल्याकडे अजून बरीच घरं स्वतःच्या खाचरातला भात वर्षभर खातात. म्हणजे खाण्याची रीत तोयामाची, शिपमची नव्हे. पण गडनदीच्या वर जस्ताची खाण नाही, कारखान्याचं सांडपाणी पाटात येत नाही, आणि पावसाळी शेतीत खाचरात पाणी तुंबलेलं असताना कॅडमियम गंधकाशी जखडून बसतं, दाण्यात कमी चढतं. त्यामुळे भरतगडावरून दिसणाऱ्या मळ्यांना तोयामाची भीती घालणं हा वेडेपणा होईल. सुपर फॉस्फेटमधून मात्र थोडं थोडं कॅडमियम शेतात पडतं. ज्या दगडापासून हे खत बनतं त्यातच ते असतं. खताचा हात आवर आणि पावसाआधी माती तपासून चुना घालावा का ते कृषी सहायकाला विचार, एवढंच सांगेन.

एक इशारा मात्र देते, कारण तू आता प्रत्येक किडनीच्या रुग्णात कॅडमियम शोधशील. गोव्यात काणकोण भागात, आंध्रात श्रीकाकुळमजवळच्या उद्दानममध्ये मधुमेह-रक्तदाब नसलेल्या माणसांच्याही किडन्या निकामी झाल्या. उद्दानम तर नारळ-काजूचा मुलूख, अगदी आपल्यासारखा. श्रीलंकेच्या उत्तर-मध्य प्रांतातल्या अशाच रोगात २०१३ च्या एका मोठ्या अभ्यासाने कॅडमियमला संशयित ठरवलं, नंतर इतरांनी ते खोडूनही काढलं. काणकोणात बोट दाखवलं गेलं ते विहिरीच्या पाण्यातल्या सिलिका आणि शिशाकडे. उन्हात राबणं, कमी पाणी पिणं, वेदनाशामक गोळ्या, सगळ्यांची नावं त्या यादीत आहेत. एकच गुन्हेगार सापडला की माणसाला सुटल्यासारखं वाटतं, पण या प्रकरणांत तसा तो सापडलेला नाही. आणि आपल्या वाडीत डायलिसिसला जाणाऱ्यांचा विचार केलास तर मधुमेह आणि रक्तदाब हीच कारणं आधी बघ.

आता तुझा ‘किडनीचा रिपोर्ट नॉर्मल’. तो क्रिएटिनिनचा होता. क्रिएटिनिन गाळण्याचं काम मोजतं, वेचण्याचं नाही. तेसुद्धा गाळण्याची जवळजवळ निम्मी ताकद गेल्याशिवाय फारसं चढत नाही. लघवीत पट्टी बुडवतात ती मोठं प्रथिन दाखवते, अल्ब्युमिन. कॅडमियमच्या इजेत आधी गळतात ती बारीक प्रथिनं, ती तिला दिसतच नाहीत. त्यांच्यासाठी बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन मोजतात. पण लघवी आम्ल असेल तर ते मूत्राशयातच कुजतं आणि रिपोर्ट खोटा चांगला येतो. म्हणून अनेक प्रयोगशाळा त्याऐवजी अल्फा-१ मायक्रोग्लोब्युलिन पसंत करतात. हे सगळं मुंबई-पुण्यातलं. मालवणात किंवा कणकवलीत सहज होणाऱ्या साध्या तपासण्याही बरंच सांगतात. रक्तातलं फॉस्फरस कमी आणि अल्कलाइन फॉस्फटेज चढलेलं असेल तर हाड मऊ होत असल्याचा संशय घ्यायचा. रक्तातली साखर चांगली असून लघवीत साखर आली तर नळ्यांचा विचार करायचा. काकांना यातून वगळ. ते मधुमेहासाठी घेतात त्या डापाग्लिफ्लोझिनच्या गोळीचं कामच लघवीतून साखर घालवणं आहे. त्यांचा रिपोर्ट बघून घरात रडारड नको.

आणि मशेरी.

तू चिडशील, ठाऊक आहे. पण तंबाखूचं झाड जमिनीतून कॅडमियम ओढून पानात साठवण्यात फार पटाईत. एका सिगारेटमध्ये एक-दोन मायक्रोग्रॅम असतं. धुरातून फुप्फुसात गेलेल्यापैकी मोठा भाग रक्तात उतरतो, पोटातून जितकं उतरतं त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे धूम्रपान करणाऱ्याच्या शरीरातला साठा न करणाऱ्याच्या सुमारे दुप्पट असतो. काकांची विडी या हिशोबात पहिली. तुझी मशेरी त्यांच्या विडीएवढी नाही, हे कबूल. तिच्यातलं कॅडमियम लाळेबरोबर पोटात जातं, तिथून थोडंच शोषलं जातं. पण तू तंबाखू तव्यावर भाजतेस तेव्हाचा धूर चुलीपाशी बसून तूच घेतेस. दिवसातून तीन-चार वेळा दात घासतेस, तेही लग्नाच्या आधीपासून. आणि लोह कमी असलेल्या अंगात ते थोडंसुद्धा जास्त मुरतं. तोंडाच्या कॅन्सरचं मी तुला सांगून थकले, तेव्हा तू म्हणालीस की आजीला काही झालं नाही. आजीची कंबर कशाने वाकली होती ते कोणी तपासलं नव्हतं, आते. मी त्याचं खापर मशेरीवर फोडत नाही. तपासलं नव्हतं, एवढंच म्हणते.

अंगातलं कॅडमियम काढून टाकतो म्हणून पुड्या आणि ‘डिटॉक्स’ विकणारे आता त्या मजकुरामागून येतील. वर्षानुवर्षं मूत्रपिंडात बसलेलं कॅडमियम सुखरूप बाहेर काढणारं मान्य औषध नाही. धातू ओढून काढणारी काही औषधं तर ते उलट मूत्रपिंडातच जास्त ढकलू शकतात. पैसे देऊ नकोस. नवं आत न येऊ देणं हाच इलाज, आणि आत येणारं कमी शोषलं जावं म्हणून लोह भरून काढणं. मागच्या पडवीत जुना इमर्जन्सी दिवा पडलाय तो कचऱ्याबरोबर जाळू नकोस, तालुक्याला बॅटऱ्या परत घेणाऱ्याकडे दे. आणि आगळ जस्ताच्या पत्र्याच्या डब्यात भरतेस ते बंद कर. आंबट रसात जस्त विरघळतं, त्यातलं कॅडमियमही. चिनी मातीची बरणी माळ्यावर आहेच.

या महिन्यात एवढं कर. हिमोग्लोबिन, फेरिटिन, फॉस्फरस, कॅल्शियम, अल्कलाइन फॉस्फटेज आणि लघवीची साधी तपासणी. लोहाच्या गोळ्या फेरिटिन बघूनच सुरू करायच्या, शेजारणीच्या उरलेल्या नकोत. त्या चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, आणि कॅल्शियमची गोळी त्याच वेळी घ्यायची नाही, दोन-तीन तास अंतर ठेव. मशेरी एकदम सुटणार नाही. आधी रात्रीची बंद कर आणि भाजणं थांबव. रिपोर्ट आला की शेजारच्या पोराला फोटो काढून पाठवायला सांग. सगळी पानं हवीत, शेवटचं सहीचं पानसुद्धा. मागच्या वेळी त्याने फक्त पहिलं पाठवलं होतं आणि त्यावर तुझं नाव नि वय सोडून काही नव्हतं.

तुझी भाची